न फाटलेल्या जाळ्याची मजुरी

पाच दिवस झाले, म्वेरा वाहतोय.
दक्षिणेकडून येतो, सरोवर उभं-आडवं नांगरतो,
आणि न्खोटाकोटाच्या वाळूवर होड्या
पालथ्या पडून राहतात, पोट दुखणाऱ्या माणसांसारख्या.
रात्री पाण्यावर कंदिलांचं जे गाव वसतं
ते पाच रात्री वसलेलं नाही.
होडी नाही तर जाळं फाटत नाही,
जाळं फाटलं नाही तर मला काम नाही.
इतका सरळ हिशेब.

तुला तो ठाऊक असणार.
मी तुला कशानंच हाक मारत नाही, हेही.
चर्चमध्ये सगळे "अताते" म्हणतात, म्हणजे बाबा,
दोनशे तोंडांतून एकदम,
आणि मी नेमका त्या शब्दापाशी खोकतो.

मी सहा वर्षांचा असताना माझा बाप
जोहान्सबर्गच्या खाणीत गेला.
एक घोंगडी पाठवली, राखाडी, लाल काठाची.
एक पत्र, त्यात माझं नाव चुकलेलं.
मग काही नाही.
मेला म्हणावं तर तसं कुणी सांगितलं नाही.
आई रोज संध्याकाळी बसथांब्यापर्यंत जायची,
नंतर निम्म्या वाटेपर्यंत,
नंतर दारापर्यंत.
तर बाप या शब्दाचं मला एवढंच माहीत:
ऊब असते, काठ लाल असतो, माणूस नसतो.

पाळक कामांगा म्हणतात, पाखरांकडे बघ.
बघितलं.
पाणकावळे खडकावर पंख पसरून बसले होते,
माझ्याइतकेच उपाशी.

आज दुपारी आत आलो तर चूल पेटलेली.
मायामिको, आठ वर्षांची, धुरात डोळे चोळत.
भांड्यात पाणी, पाण्याला आधण आलेलं.
पीठ काल संपलं, टोपली तिनंच झटकली होती.
म्हटलं, "काय रांधतेस?"
"न्सिमा."
"आणि पीठ?"
तिनं असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं
की उद्याचा सूर्य कुठून आणायचा.
"अताते, ते तुम्ही आणणार ना."

विनवणी नाही, काळजी नाही.
आई दवाखान्यात, दिवस भरलेले,
घरात मी एकटा मोठा माणूस,
आणि या पोरीनं आधण ठेवलं होतं
माझ्या रिकाम्या हातांच्या भरवशावर.

बाहेर पडलो. लाज माझ्या चार पावलं पुढे.
या वाऱ्यात तोंड उघडलं की वाळू जाते,
तरी उघडलं.
अताते.
प्रार्थना कसली,
ठेच लागल्यावर आई गं म्हणतात, तसा निघाला शब्द.

बांडावे अंगणात होता.
बांडावे, ज्याच्या दारातून मुंगीही उपाशी परतते.
म्हणाला, "बरा आलास. नवं जाळं घेतलंय."
"फाटलं?"
"अजून पाण्यात उतरलं नाही. पण फाटेलच.
मजुरी आत्ताच ने,
वारा पडला की तू दुसऱ्याचं काम धरशील."
आणि मापाचा काठ बोटानं सपाट करून
त्यानं कसाव्याचं पीठ दिलं.
वर चिमूटभरसुद्धा नाही.

तू हसलास का तेव्हा?
मला वाटलं, हसलास.

घरी पोचलो तर पाणी निम्मं आटलेलं.
मायामिकोनं पिठाकडे नीट पाहिलंही नाही,
"उशीर केलात," म्हणाली,
आणि भांड्यात तांब्याभर पाणी ओतलं.

आता ती त्या राखाडी घोंगडीत झोपली आहे.
म्वेरा थांबलेला नाही.
दवाखान्यातून निरोप नाही.
माझ्या बापाचं मी काही विसरलो नाही,
त्याचं देणं तुझ्या नावावर टाकतही नाही.
पण उद्याची लाकडं तिनं
निजण्याआधीच चुलीशी लावून ठेवलीत.
मी त्यांच्याकडे बघत बसलोय,
अताते,
आणि खोकला आला नाही.